ती नसते तेव्हा डार्सी कुठे असतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि सोबतचा दोन पानांचा उताराही. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीची गोष्ट नायकाच्या, म्हणजे डार्सीच्या तोंडून मराठीत लिहायला घेतलीय, ४० हजार शब्द झालेत, आत्ता कुठे नेदरफील्डचा, म्हणजे डार्सीचा मित्र बिंग्लीच्या घरचा बॉल (नाचाचा समारंभ) संपलाय, वाचून बघणाऱ्या तिघीही म्हणतात की भाषा छान आहे पण पुढे वाचावंसं वाटत नाही, आणि तुम्ही विचारताय की 'मी' काढून 'तो' करू का, की डार्सीला अजून इमोशनल करू, आणि जाता जाता कॉपीराइटचंही विचारलंय. मी गेली तेरा-चौदा वर्षं हेच काम करतेय, जुन्या गोष्टी दुसऱ्या पात्राकडून लिहायचं, आधी इंग्रजीत लिहायचे मग मराठीत, आणि आता नवीन लोकांचे ड्राफ्ट वाचून देते, त्यामुळे खाली जे आहे ते बरंचसं स्वतः अडकून मग कळलेलं आहे.

कॉपीराइटचं आधी सांगून टाकते कारण ते सोपं आहे. पुस्तक २८ जानेवारी १८१३ ला आलं, जेन ऑस्टिन १८ जुलै १८१७ ला गेली, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे मूळ पुस्तक कधीच सगळ्यांचं झालेलं आहे, पात्रं, प्रसंग, संवाद काय हवं ते घ्या. दोन ठिकाणी मात्र सांभाळा. कुणाचा मराठी अनुवाद शेजारी उघडा ठेवून त्यातली वाक्यं उचलू नका, अनुवादाचा हक्क अनुवादकाचा असतो आणि तो अजून चालू असू शकतो. आणि दुसरं म्हणजे सिनेमा-सिरियलमधलं काही नकळत आत येतंय का बघा. तळ्यात उडी मारून ओल्या शर्टात समोर येणारा डार्सी १९९५ च्या बीबीसीच्या मालिकेतला आहे, तिला बग्गीत चढवल्यावर हाताची बोटं ताणणारा डार्सी २००५ च्या सिनेमातला आहे, पुस्तकात यातलं काहीही नाही. तुमच्या उताऱ्यात बोटं ताणलेली आहेत, ती काढा. हक्काचा मुद्दा आहेच पण त्याहून मोठं म्हणजे ती दुसऱ्या कुणाला सुचलेली गोष्ट आहे आणि वाचकाला ती लगेच ओळखू येते.

आता मूळ दुखणं. मला वाटतं ते 'मी' की 'तो' यात नाहीये आणि इमोशन कमी पडण्यातही नाहीये. मूळ कादंबरी वाचताना आपण पान उलटतो ते एका प्रश्नासाठी, हा माणूस नक्की आहे कसा? नायिकेला, एलिझाबेथला ते कळत नाही म्हणून आपल्यालाही कळत नाही. तुमच्या पुस्तकात पहिल्या पानापासून आपण त्याच्या डोक्यात बसलोय, म्हणजे तो प्रश्नच संपला, आणि त्याच्या जागी तुम्ही दुसरा प्रश्न ठेवलेला नाही. तिचेच प्रसंग त्याच क्रमाने येतात आणि प्रत्येक संवादाखाली त्याला काय वाटलं ते दोन ओळीत येतं. वाचकाला प्रसंग पाठ आहे, त्याला काय वाटलं असेल याचा अंदाजही आहे, मग तो कशासाठी थांबेल?

आणि एक गोष्ट पुस्तक परत उघडून तपासून बघा. आपल्याला आठवण अशी असते की डार्सीच्या मनात काय आहे ते ऑस्टिन सांगतच नाही. पण पहिल्या भागात ती चक्क सांगते. सहाव्या प्रकरणात त्याला तिचे काळे डोळे दिसायला लागतात, दहाव्यात तर सरळ लिहिलंय की इतकी भुरळ त्याला आजवर कुठल्याच बाईने घातली नव्हती, बाराव्यात तो ठरवतो की आपल्याला आवडतेय हे आता चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, आणि त्या शनिवारी दोघं अर्धा तास एका खोलीत एकटे असतात तर तो पुस्तकातून डोकं वर काढत नाही. दार उघडंच आहे. ते बंद होतं ३४ व्या प्रकरणात, हन्सफर्ड गावी तो मागणी घालतो आणि ती नकार देते तिथे. त्यानंतर पुस्तक संपेपर्यंत आपण जवळजवळ आत जातच नाही, तो काय करतो ते दिसतं, किंवा मागाहून कुणाच्या तरी पत्रातून कळतं, आणि शेवटी तो स्वतः थोडंफार सांगतो. म्हणजे तुम्ही ४० हजार शब्द नेमके त्या भागावर खर्च केलेत जो तिने आधीच सांगून ठेवलाय, आणि जो तिने सांगितलेला नाही तिथे तुम्ही अजून पोचलाच नाहीत. कंटाळा तिथून येतोय.

मी नवीन रीटेलिंग घेते तेव्हा आधी एक शीट करते. ६१ प्रकरणं आहेत, प्रत्येकासमोर तीनच रकाने. तो इथे हजर आहे का, नसेल तर त्याच्याबद्दल कुणी बोलतंय का, आणि तेव्हा तो स्वतः कुठे असेल. तिसरा रकाना भरायला लागलात की तुमचं पुस्तक दिसायला लागेल. एलिझाबेथ घरी बसून आईचं ऐकते, कॉलिन्स या नातेवाइकाला नकार देते, मग त्याच्याशीच तिची मैत्रीण शार्लटचं लग्न ठरतं, यात डार्सी नाहीच, तेव्हा तो लंडनमध्ये आहे, बिंग्लीला नेदरफील्डला परत जाऊ न देण्याच्या मागे लागलाय, बिंग्लीला आवडणारी एलिझाबेथची बहीण जेन त्याच शहरात आलीय हे त्याला माहीत आहे आणि मित्रापासून तो ते लपवून ठेवतो. हे त्याने पुढे, नकारानंतर एलिझाबेथला लिहिलेल्या पत्रात कबूल केलंय आणि तेवढीच एक गोष्ट स्वतःला पटली नाही असंही लिहिलंय. मग ते दिवस कसे गेले? रोज जेवायला समोर बिंग्ली बसलेला असताना हा माणूस गप्प कसा राहिला? एलिझाबेथच्या पुस्तकात हे असूच शकत नाही आणि तुमच्या पुस्तकात हे असायलाच हवं.

आता जरा नाजूक मुद्दा. आपण मराठी वाचक-लेखक मंडळी दुसऱ्या बाजूने सांगितलेल्या गोष्टीवर वाढलोय. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७ चं, आपल्यापैकी कितीतरी जणांनी कर्ण आधी तिथे वाचला आणि महाभारत नंतर. त्यामुळे गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून सांगायची म्हटलं की आपला हात आपोआप न्याय द्यायला जातो, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं म्हणणं ऐका, असं. पण डार्सी कर्ण नाहीये हो. त्याच्यावर कुणी अन्याय केलेला नाही, विकहॅम या त्याच्या जुन्या ओळखीच्या माणसाच्या खोट्या बोलण्यापुरता केलाय, पण बाकी जे एलिझाबेथ त्याला सुनावते ते खरं आहे आणि पुढे तो स्वतः ते मान्य करतो. तुमच्या उताऱ्यात मेरिटनच्या पहिल्या बॉलमध्ये तो तिच्याबद्दल 'ठीक आहे, पण माझ्या मनात भरेल इतकी सुंदर नाही' अशा अर्थाचं बोलतो आणि लगेच तुम्ही तीन ओळीत सांगता की त्याचं डोकं दुखत होतं, रॅम्सगेटचं प्रकरण (तिथे विकहॅमने त्याच्या बहिणीला पळवायचा बेत केला होता) मनात होतं आणि त्याला खरं तर कुणाला दुखवायचं नव्हतं. हे वकिलाचं काम झालं. त्याला त्या क्षणी तसं वाटत होतं, त्याला ती खरोखर सामान्य वाटली आणि गावची माणसं खरोखर हलकी वाटली, तसंच लिहा. मी माझ्या पहिल्या प्रयत्नात हेच केलं होतं, पानापानावर त्याची बाजू सावरून घेतली, आणि ज्यांनी वाचलं त्यांनी एकच विचारलं, हा तर पहिल्यापासूनच चांगला आहे, मग हा बदलतो कुठे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ७० हजार शब्द बाजूला ठेवले आणि परत सुरू केलं.

मग पान उलटायला लावणारा नवा प्रश्न कुठला? ५८ व्या प्रकरणात, सगळं मिटल्यावर, तो तिला सांगतो की हन्सफर्डला मी मागणी घातली तेव्हा मला वाटत होतं तू माझी वाटच बघत असशील. हे वाक्य म्हणजे तुमच्या पहिल्या अर्ध्या पुस्तकाचा पाया आहे. तिला आपण नको आहोत हे सगळ्यांना माहीत आहे, वाचकाला तर नक्कीच माहीत आहे, फक्त त्याला माहीत नाही, आणि तो पुरावे गोळा करत चाललाय. तुमच्या वाचकाला 'हा कसा आहे' हा प्रश्न नसेल, 'हा कधी आणि किती जोरात आपटणार' हा असेल. त्यासाठी डार्सी चुकीचा आणि ठाम, दोन्ही असला पाहिजे.

एक प्रसंग जवळून बघू, ३२ वं प्रकरण, कॉलिन्सचं घर, एलिझाबेथ एकटी बसलीय आणि डार्सी अचानक येतो. शार्लटचं घर माहेरापासून किती लांब यावर बोलणं निघतं. तो म्हणतो ५० मैल म्हणजे काय, रस्ता चांगला असला तर अर्ध्या दिवसाहून थोडा जास्त प्रवास. तिला ते लांब वाटतं. तो म्हणतो, तुमच्या लाँगबोर्नच्या शेजारपाजारापलीकडचं सगळं तुम्हाला लांबच वाटत असेल, आणि हसल्यासारखं करतो. तिला वाटतं, आपण जेन आणि नेदरफील्डचा विचार करतोय असं त्याला वाटतंय, आणि उत्तर देताना ती लाजते. बघा हं, ती लाजली ते बहिणीच्या विचाराने. पण त्याला काय दिसलं? आपण माहेरापासून लांब राहण्याबद्दल बोललो आणि ही मुलगी लाजली. झालं, त्याच्या दृष्टीने अर्धं उत्तर मिळालं. मग तो खुर्ची थोडी पुढे ओढतो आणि म्हणतो की तुम्हाला एका जागेचा इतका लळा असायचं कारण नाही, तुम्ही काही कायम लाँगबोर्नला राहिला नसाल. तिला नवल वाटतं, ते बघून तो मागे सरकतो, टेबलावरचा पेपर उचलतो आणि थंड आवाजात विचारतो, केंट आवडलं का?

हाच प्रसंग आपल्याकडे बरेच जण असा लिहितात: 'मी खुर्ची पुढे ओढली. ती किती सुंदर दिसत होती. माझं हृदय धडधडत होतं. मला सांगायचं होतं की माझं तिच्यावर प्रेम आहे, पण माझा अहंकार आड येत होता.' यात एकही गोष्ट अशी नाही जी वाचकाला ठाऊक नव्हती, आणि शेवटचं वाक्य तर त्याला त्या दिवशी सुचणं शक्यच नाही, स्वतःचा अहंकार दिसला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

मी तो असा लिहिला होता (पेंबर्ली म्हणजे डर्बीशायरमधलं डार्सीचं घर, मिसेस बेनेट म्हणजे एलिझाबेथची आई): 'पन्नास मैल. यांना ते लांब वाटत होतं. डर्बीशायर त्याच्या किती पुढे आहे ते मी मनात मोजलं. वर्षातून एकदा माहेर, फार तर दोनदा. मिसेस बेनेट पेंबर्लीच्या पायऱ्या चढतायत असं चित्र डोळ्यांसमोर आलं, मागे त्या धाकट्या दोघी, आणि मी ते चित्र पूर्ण बघितलं, डोळे मिटून घेतले नाहीत. तेवढ्यात मिस बेनेट लाजल्या. म्हणजे त्याही मोजत होत्या. मी खुर्ची पुढे घेतली.' यात प्रेम हा शब्द नाही. तो हिशेब करतोय, सासरची माणसं पोटात घालायची तयारी करतोय, आणि स्वतःला फार उदार समजतोय. वाचकाला ते समजतं आणि पुढच्या दोन प्रकरणात काय होणार त्याची धाकधूक लागते.

त्यामुळे इमोशनल करू का याला माझं उत्तर नाही असंच आहे. त्या शनिवारच्या अर्ध्या तासात त्याची घालमेल लिहू नका. तो कुठल्या पानावर होता ते लिहा, आणि अर्ध्या तासाने तो त्याच पानावर होता हे लिहा.

मागणीचा प्रसंग तुमच्या पुस्तकातला सगळ्यात अवघड आहे, कारण ऑस्टिनने तिथे एक फार हुशारीची गोष्ट केलीय. डार्सीची पहिली चार वाक्यं ती त्याच्या तोंडी देते आणि मग तिच्या कुटुंबाचा कमीपणा, आपली पायरी, आपण स्वतःशी किती झगडलो, हे सगळं तो बोलला असं नुसतं सांगून पुढे जाते. ते भाषण पुस्तकात शब्दशः नाही. तुम्हाला ते लिहावं लागणार, पळवाट नाही. मला जमलं ते असं की मी भाषण खोलीत लिहिलंच नाही, वाटेत लिहिलं. रोझिंग्जहून, म्हणजे त्याची मावशी लेडी कॅथरीन हिच्या घरून, कॉलिन्सचं घर बागेतून साधारण अर्धा मैल आहे, संध्याकाळची वेळ, चहाला ती आली नाही, डोकं दुखतंय म्हणून घरी राहिलीय, आणि तो निघालाय. त्या अर्ध्या मैलात तो मनात जुळवाजुळव करतो. लेडी कॅथरीन काय म्हणेल, खानदान काय म्हणेल, वर्षाला १० हजार पौंडांचा मालक २ हजारांच्या घरातली मुलगी करतोय, तीही अशा घरातली की वडिलांमागे इस्टेट पुरुष वारस म्हणून कॉलिन्सकडे जाणार. त्याच्या लेखी हा अपमान नाहीच, ही त्याच्या प्रेमाची किंमत आहे, बघ मी काय काय ओलांडून आलो. प्रामाणिकपणे सगळं सांगितलं की तिला केवढा मान वाटेल असं त्याला वाटतंय. वाटेवर ते सगळं आलं की खोलीत फक्त तिचा चेहरा बघायचा, आणि तो चेहरा त्याला वाचता येत नाही.

तिच्या उत्तरातलं एक वाक्य, की तुम्ही सभ्य गृहस्थासारखं वागला असतात तर नकार देताना मला वाईट तरी वाटलं असतं, हे त्याला पुढे महिनोन्महिने टोचत राहतं, तसं तो ५८ व्या प्रकरणात सांगतो. एप्रिल ते पेंबर्लीच्या भेटीपर्यंतचं तुमचं सगळं लिखाण त्या एका वाक्याभोवती ठेवा. एकदम पटल्याचं नका दाखवू. आधी राग, मग तिच्या चुका काढणं, मग एखाद्या भलत्याच प्रसंगी, कारभाऱ्याशी किंवा कुळाशी बोलताना, स्वतःचाच आवाज ऐकू येणं, आणि तेही त्याने लगेच झटकून टाकणं. इथे वडील गेल्याचा धागा उपयोगी पडतो. पत्रात तो म्हणतो वडील जाऊन साधारण पाच वर्षं झाली, आणि तो २८ चा आहे, म्हणजे २३ व्या वर्षी इस्टेट, कुळं, नोकरचाकर आणि दहा वर्षांहून लहान बहीण अंगावर आलेली. वडील गेल्यावर थोरल्या मुलावर काय येतं हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही, नुसतं दाखवलं तरी पुरतं. फक्त ते सबब म्हणून वापरू नका.

पत्राबद्दल एवढंच, ते लिहिताना आपण अगदी शांत होतो असं त्याला वाटत होतं आणि नंतर कळलं की मनात केवढा कडवटपणा होता, हे त्याचंच म्हणणं आहे. म्हणून तो प्रसंग लिहिताना त्याला शांत लिहा, कागद दुसऱ्यांदा घेतो, अक्षर बारीक होत जातं, पाकिटाच्या आतली बाजूही भरते, आणि तो स्वतःशी म्हणत राहतो मी शांत आहे. पूर्ण पत्र छापू नका, वाचकाकडे ते आहे.

आता तुमचा 'मी' की 'तो'. हे खरंच तुमच्यावर अवलंबून आहे, सरसकट उत्तर नाही. 'मी' घेतलात तर आधी ठरवा की तो हे कधी आणि कुणाला सांगतोय. लग्नानंतर सांगत असेल तर त्याला सगळं माहीत आहे, मग ती लाजली ते जेनमुळे हेही त्याला आता कळलेलं असणार, आणि आपण वर जी चुकीची ठाम समजूत म्हटलं ती प्रत्येक पानावर जपावी लागेल. तुमच्या उताऱ्यात तेच सुटतंय, मधेच 'तेव्हा मला कुठे ठाऊक होतं' येतं आणि हवा निघून जाते. रोजची टिपणं किंवा न पाठवलेली पत्रं असा काही आकार असेल तर 'मी' छान चालेल. ते सांभाळणं जड जात असेल तर 'तो' घ्या, मराठीला ते फार चांगलं जमतं कारण आपल्याला प्रत्येक वेळी 'त्याला वाटलं' म्हणावं लागत नाही. 'तीन मैल चिखल तुडवत ही मुलगी एकटी आली होती. कशाला, तर बहिणीला सर्दी झाली म्हणून. गाल लाल झाले होते. एकटीने यायचं काही कारण नव्हतं. गाल मात्र लाल झाले होते.' यात तो कुठेच नाही आणि सगळीकडे तोच आहे.

मराठीचे अजून दोन-तीन प्रश्न आहेत जे इंग्रजीतल्या रीटेलिंगवाल्यांना पडतच नाहीत. इंग्रजीत 'आय वेंट' म्हटलं की बोलणारा बाई की पुरुष कळत नाही, आपल्याकडे 'मी गेलो' मध्ये प्रत्येक वाक्याला कळतं. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये त्याच्या तोंडी कितीदा 'मी खाली उतरले' टाईप केलंय, शेवटी फक्त क्रियापदांसाठी एक वेगळं वाचन ठेवायला लागले, तुम्हीही ठेवा. पण याचा फायदा असा की तो पुरुष आहे हे वेगळं ठसवायची गरज राहत नाही, भाषा ते काम करतेय.

दुसरं म्हणजे 'त्या' आणि 'ती'. डार्सी तिच्याशी बोलताना शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणेल की नाही हे आधी ठरवा. माझ्या मते ५८ व्या प्रकरणात तो तिला पहिल्यांदा नुसतं एलिझाबेथ म्हणतो तिथेच 'तू' यायला हवं, त्याआधी कुठेही नको, मागणी घालतानाही नको. पण मनातल्या मनात काय? आधी 'मिस एलिझाबेथ बेनेट', मग 'त्या', आणि मग एक दिवस 'ती'. हे कुठे बदलतं ते वाचकाला न सांगता बदला. तुमच्या उताऱ्यात तो पहिल्याच बॉलमध्ये मनात 'ती' म्हणतोय, म्हणजे हातातली फार मोठी गोष्ट पहिल्या पानावर खर्च झाली.

आणि पेंबर्लीला वाडा म्हणू नका. वाडा म्हटलं की चौक, ओसरी, तुळशीवृंदावन येतंच. इस्टेट म्हणा, घर म्हणा, नुसतं पेंबर्ली म्हणा. 'दहा हजारी' तर अजिबात नको, मनसबदार उभा राहतो. खंड गोळा व्हायचे दिवस लिहायचे असतील तर २५ मार्चचा लेडी डे आणि २९ सप्टेंबरचा मायकेलमस आहे, मूळ पुस्तकातही बिंग्ली मायकेलमसच्या आधी नेदरफील्ड घेतो, तीच नावं ठेवा. वाचक समजून घेतो.

एका गोष्टीचा मोह टाळा, 'या क्षणी तो प्रेमात पडला' असा प्रसंग. शेवटी एलिझाबेथ त्याला विचारतेच की सुरुवात कधी झाली, आणि तो म्हणतो की वेळ, जागा, नजर, शब्द काही सांगता येत नाही, सुरू झालंय हे कळायच्या आधीच मी अर्ध्यात पोचलो होतो. तुम्ही तारीख ठरवलीत तर तुमचा नायक मूळ पुस्तकातल्या स्वतःलाच खोटा पाडेल. उलट काही जागा ऑस्टिनने मुद्दाम उघड्या सोडल्यात. मेरिटनच्या रस्त्यात डार्सी आणि विकहॅम समोरासमोर येतात तेव्हा एकाचा चेहरा पांढरा पडतो, दुसऱ्याचा लाल होतो, पण कुणाचा कुठला ते लिहिलेलं नाही. तुम्हाला ठरवावं लागेल, आणि त्यावरून तुमचा डार्सी कसा आहे ते ठरेल.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर एक करा. बॉलपर्यंतचं जे झालंय ते तसंच ठेवून द्या, आत्ता दुरुस्त करू नका. सरळ लंडनला जा. धाकटी बहीण लिडिया विकहॅमबरोबर पळून गेल्याचं एलिझाबेथ त्याला लॅम्बटनच्या खानावळीत रडत सांगते, तो खोलीत येरझाऱ्या घालतो, कपाळाला आठ्या, तिला वाटतं संपलं, आता हा आपल्याकडे बघणार नाही. एलिझाबेथचे मामा-मामी, गार्डिनर मंडळी निघाल्यावर एकच दिवसाने तोही डर्बीशायर सोडतो. आणि एडवर्ड स्ट्रीटला मिसेस यंगच्या दारात उभा राहतो, जिच्या भरवशावर त्याने बहिणीला सोपवलं होतं आणि जिने तिला विकहॅमच्या हाती दिलं होतं. ती आता खोल्या भाड्याने देते. पत्ता काढायला दोन-तीन दिवस जातात, पैसे द्यावे लागतात. मग विकहॅम. आधी तो लिडियाला समजावून बघतो की घरी परत जा, ती ऐकत नाही. मग घासाघीस, एकदा नाही, पुन्हा पुन्हा भेटून. हजार पौंडांहून बरंच जास्त कर्ज, वर लिडियाच्या नावावर आणखी हजार, फौजेतली जागा विकत घेऊन द्यायची ती वेगळीच. लंडनमधलं हे सगळं मूळ पुस्तकात मिसेस गार्डिनरच्या एका पत्रात येतं, प्रसंग म्हणून एकही नाही. आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे जो इंग्रजीत नाही, साडू. एलिझाबेथ कधी मिळालीच तर हा माणूस त्याचा साडू होणार आहे, ज्याने त्याच्या बहिणीचा घात करायचा प्रयत्न केला तो, आणि ते लग्न डार्सी स्वतःच्या पैशाने लावून देतोय, सेंट क्लेमेंट्स चर्चमध्ये हजर राहून. आणि तिला यातलं काही कळू नये असं ठरवून.

ते प्रकरण आधी लिहा, चार-पाच हजार शब्द होतील. विकहॅमला भरपूर बोलू द्या, डार्सीला कमी. झालं की इथेच टाका, मी वाचेन. मिसेस यंगने दार उघडल्यावर आधी कोण बोललं हे पुस्तकात नाही, मला ते वाचायचंय.